पुन्हा पुन्हा बिघडणारी डिस्क आणि बिघडवणारा भलताच

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. बार्शीत माझं डीटीपी आणि फ्लेक्स डिझाइनचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं अशी कामं करतो. मशीन जुनं आहे, विंडोज १०, हार्ड डिस्क १ टीबीची. सगळं काम डी ड्राइव्हवर असतं. गेले अडीच महिने आठ-दहा दिवसांनी एकदा तरी सकाळी मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह डी’ अशी ओळ येते आणि टक्के मोजत बसावं लागतं. मग चार-सहा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. डी ड्राइव्हवर ‘फाउंड.०००’ नावाचं लपवलेलं फोल्डर तयार झालंय, त्यात ‘फाइल००००.सीएचके’ अशा नावांच्या फायली आहेत. दोन जुन्या पत्रिकांच्या पेजमेकर फायली आता उघडतच नाहीत. इथल्या एका दुरुस्तीवाल्यानं डिसेंबरात डी ड्राइव्ह फॉरमॅट करून दिला आणि अँटिव्हायरस घ्यायला लावला. तीन आठवड्यांत पुन्हा तोच प्रकार. आता तो डिस्कच बदला म्हणतो. आमच्याकडे लाइट जाते, आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली आहे, हेही सांगून ठेवतो. डिस्क बदलू का? माघातल्या तिथ्या तोंडावर आहेत.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, तुमचं पत्र जानेवारीत आलं आणि उत्तर एप्रिलच्या अंकात छापून येतंय. मधल्या काळात आपण चार वेळा फोनवर बोललो. त्यात मी तुम्हाला दिलेलं पहिलं निदान अर्धवट होतं. ते वगळून नुसता शेवट छापला असता तर वाचकांच्या हाती काही लागलं नसतं, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

आधी बिघडतं काय ते बघू. विंडोजच्या डिस्कवर फायली ठेवायची जी पद्धत असते तिला एनटीएफएस म्हणतात. ती १९९३ सालच्या विंडोज एनटीबरोबर आली आणि अजून तीच चालू आहे. तिच्या मुळाशी एक मोठं दप्तर असतं, मास्टर फाइल टेबल. आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारखंच ते. कुठली फाइल कोणाची, डिस्कवरच्या कुठल्या तुकड्यांवर तिचा ताबा आहे, हे त्यात नोंदलेलं असतं. शिवाय कुठली जमीन मोकळी आणि कुठली व्यापलेली याचा एक वेगळा नकाशा असतो, आणि प्रत्येक फोल्डरची आपली यादी असते. तुम्ही एक पत्रिका सेव्ह केलीत की या सगळ्या ठिकाणी नोंदी बदलाव्या लागतात. त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत की झाली फाइल सिस्टीमची चूक. नकाशात जमीन व्यापलेली दिसते पण दप्तरात मालक नाही, किंवा एकाच तुकड्यावर दोघांची नावं चढली आहेत, असं काहीतरी.

दुरुस्ती करणारा प्रोग्राम म्हणजे चेकडिस्क. तो फक्त या नोंदी एकमेकींशी ताडून बघतो आणि जुळवून देतो. ज्या तुकड्यांना मालक सापडत नाही ते उचलून ‘फाउंड.०००’मध्ये टाकतो, तेच ते तुमचं फोल्डर. चेकडिस्कला तुमच्या पत्रिकेतला मजकूर कळत नाही. नोंद जुळली की त्याचं काम संपलं, मग आतला मजकूर अर्धा गेलेला का असेना. म्हणून दुरुस्ती यशस्वी झाली असं पडद्यावर येतं आणि फाइल मात्र उघडत नाही.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे फॉरमॅटनंतर तीन आठवड्यांत चूक परत आली. झटपट फॉरमॅट म्हणजे जुनं दप्तर बाजूला टाकून कोरं दप्तर उघडणं. कोऱ्या दप्तरातही महिन्याच्या आत खाडाखोड दिसायला लागली, तर दोष दप्तराचा नाही. लिहिणारा हात, दप्तराकडे जाणारा रस्ता किंवा दप्तराचा कागद, या तिघांपैकी कोणीतरी बिघडवतंय. म्हणजे अनुक्रमे मेमरी (रॅम), केबल आणि वीज, आणि डिस्कचा पृष्ठभाग. एकदाच आलेली चूक दुरुस्त करून सोडून देता येते. परत परत येणारी चूक नुसती दुरुस्त करत राहणं मला पटत नाही, कारण प्रत्येक दुरुस्तीत थोड्या फायली फाउंडच्या ढिगाऱ्यात जातात. अँटिव्हायरसचा इथे काही संबंध नव्हता.

फोनवर तुम्ही विचारलंत, ‘मग चेकडिस्क मारू का नको?’ मी म्हटलं, आज नको. आधी कॉपी. त्यावर मी जरा जोरातच बोलले, त्याचं कारण सांगते.

२००८ साली, रत्नागिरीत माझं दुकान उघडून तीन वर्षं झाली होती. चिपळूणचे एक निवृत्त शिक्षक त्यांचा कॉम्प्युटर घेऊन आले. गावोगाव फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या त्यांनी लिहून घेतल्या होत्या, सहाशेच्या वर. त्यांच्या वह्या २००५च्या जुलैतल्या पुरात गेल्या. पुराच्या आधी त्यांनी जे टाइप करून ठेवलं होतं, तेवढंच माडीवरच्या मशीनमधल्या ८० जीबीच्या डिस्कवर वाचलं होतं. मशीन अडकत होतं, फायली सावकाश उघडत होत्या. मी त्यांना संध्याकाळी या म्हटलं आणि चेकडिस्कला ‘आर’ जोडून लावून दिलं. ‘एफ’ फक्त नोंदी जुळवतं. ‘आर’ नोंदी जुळवतंच, वर डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे एकेक छोटा तुकडा, वाचून बघतं. मरणाला टेकलेल्या डिस्कला रात्रभर असा प्रत्येक कोपरा वाचायला लावणं म्हणजे आजारी माणसाला घाट चढायला लावणं. सकाळी दुकान उघडलं तेव्हा डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत होता. ती पुन्हा कधी वाचता आली नाही. डिस्कचे आकडे आधी बघितले असते तर ती खराब झालीय हे पाच मिनिटांत कळलं असतं, आणि त्या ओव्यांच्या फायली सगळ्या मिळून एका पेन ड्राइव्हवर मावल्या असत्या. ते सर मला काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या दुकानात आलेली कुठलीही डिस्क आधी कॉपी होते, मग तपासली जाते, आणि दुरुस्ती सगळ्यात शेवटी.

तुमच्या बाबतीत कॉपी घेताना मी एक चूक केली, ती पुढे येईलच.

मग तुम्हाला डिस्कचे आकडे पाठवायला सांगितले. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम उघडला की ती यादी दिसते. वरच्या बाजूला निळ्या चौकोनात ‘गुड’ लिहिलेलं असतं. पुष्कळ लोक तेवढं बघून बंद करतात. तिथे थांबू नका, यादीतल्या चार ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून राखीव जागेत नेलेले सेक्टर. सी ५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाची वाट बघणारे सेक्टर. सी ६ म्हणजे तपासणीतही दुरुस्त न होऊ शकलेले. आणि सी ७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या प्रवासात मजकूर चुकीचा पोचल्याच्या घटना. हे आकडे बघताना एका गोष्टीनं भलेभले फसतात. तो प्रोग्राम ते सोळाच्या पटीतल्या मोजणीनं दाखवतो. तुम्ही मला सी ७चा आकडा ‘शून्य-शून्य, पुढे ९०डी’ असा वाचून दाखवलात आणि विचारलंत, ‘यात डी कुठून आला?’ त्याचा अर्थ २,३१७. फंक्शन मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, आणि तिथे दहाची मोजणी निवडली की सरळ आपले आकडे दिसतात.

तर तुमचे आकडे असे होते : ०५ शून्य, सी ५ शून्य, सी ६ शून्य, सी ७ २,३१७. डिस्क बदला म्हणणाऱ्याचं म्हणणं इथेच फोल ठरलं. पृष्ठभाग स्वच्छ होता. मी म्हटलं, डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी साटा केबल बदला, दुसऱ्या पोर्टात लावा, आणि वीज देणारं कनेक्टरही घट्ट बसलंय का ते बघा. तुम्ही बदललीत. सी ७चा आकडा २,३१७ वर थांबला. (तो कधी खाली येत नाही, ही आजवरची बेरीज असते. नवी केबल लावल्यावर वाढतोय की नाही एवढंच बघायचं.) आपण दोघंही खूश झालो. माझ्या वहीत मी ‘बार्शी, केबल’ असं लिहून पान उलटलं.

आमच्या किनारपट्टीवर हा दोष मला इतक्या वेळा भेटतो की तो दिसला की पुढे बघायचं राहून जातं. पावसाळ्यात कनेक्टरच्या पितळी पट्ट्यांवर काळसर थर येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात अशी मशीनं रांगेनं येतात. पण मला तेव्हाच एक शंका यायला हवी होती. केबलमधून मजकूर चुकीचा पोचला की डिस्कला ते कळतं, तेवढ्यासाठीच प्रत्येक खेपेबरोबर ताळ्याचा आकडा जातो. ताळा जुळला नाही की तीच खेप पुन्हा मागवली जाते. म्हणजे सी ७ नुसता वाढत असेल तर मशीन मंद होईल, पण त्यामुळे लगेच दप्तर बिघडत नाही. दप्तर बिघडायला जोड पूर्ण तुटून, लिहिता लिहिता डिस्कच गायब व्हावी लागते. आणि तसं झालं की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, त्याच्या खुणा राहतात.

तीन आठवड्यांनी, फेब्रुवारीत, तुमचा पुन्हा फोन आला. ‘ताई, आज सकाळी परत आलं.’

त्या दिवशी आपण इव्हेंट व्ह्यूअर उघडला, जो मी पहिल्याच दिवशी उघडायला लावायला हवा होता. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. शोधायचे ते क्रमांक असे. ५५, एनटीएफएसकडून आलेला, म्हणजे दप्तरात गडबड सापडली. ७, डिस्ककडून, म्हणजे खराब सेक्टर. ११, १२९ आणि १५३, म्हणजे डिस्कशी बोलताना अडथळे, पुन्हा जोडणी, पुन्हा प्रयत्न. आणि ४१, म्हणजे मशीन नीट बंद न होता बंद पडलं, बहुतेक वेळा लाइट गेली म्हणून. तुमच्याकडे ५५ भरपूर होते. ७ एकही नाही. १५३ केबल बदलायच्या आधीचे दोन-चार होते, नंतरचा एकही नाही.

४१ होते, पण त्यांच्या तारखा ५५च्या तारखांशी जुळत नव्हत्या. इथे तुमचं मनापासून कौतुक करायला हवं. दुरुस्तीची ओळ ज्या ज्या सकाळी आली ती तारीख तुम्ही दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारून ठेवली होती. ती कामाला आली. लाइट जाण्यामुळे एनटीएफएस सहसा बिघडत नाही. नोंद बदलायच्या आधी ती काय करणार आहे हे रोजकीर्दीत लिहून ठेवते, आणि मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी रोजकीर्द वाचून अर्धवट व्यवहार पुरा करते किंवा रद्द करते. तुम्ही सेव्ह करत असलेली फाइल त्यात जाऊ शकते, ते वेगळं. यूपीएसची बॅटरी बदला, ते हवंच. पण आपला गुन्हेगार तो नव्हता.

मग मी विचारलं, ‘फुल्या ज्या दिवशी पडल्यात त्याच्या आदल्या दिवशी काय काम होतं?’ तुम्ही आठवून सांगितलंत : मोठं फ्लेक्स, एकाच वेळी फोटोशॉप आणि कोरल उघडं, वर पत्रिका चालूच. आणि मग मी तो प्रश्न विचारला जो जानेवारीतच, सगळ्यात आधी विचारायला हवा होता. हे सुरू व्हायच्या आधी मशीनमध्ये काय बदललं होतं?

‘काही नाही हो ताई. दिवाळीत फक्त रॅम वाढवली, चारची आठ केली.’

विंडोज डिस्कवरची नोंद थेट डिस्कवर बदलत नाही. नोंद आधी मेमरीत आणते, तिथे बदलते, आणि मग परत डिस्कवर पाठवते. मेमरीतलं एखादं घर खराब असेल आणि नेमकी ती नोंद त्या घरात येऊन बसली, तर शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतो. ही बिघडलेली नोंद मग अगदी प्रामाणिकपणे डिस्ककडे जाते. ताळा जुळतो, कारण ताळा बिघडल्यानंतर काढलेला असतो. डिस्क ती जशीच्या तशी लिहून घेते. स्मार्टमध्ये काही दिसत नाही, केबलमध्ये काही दिसत नाही. आणि कमी काम असेल त्या दिवशी खराब घराची पाळीच येत नाही, म्हणून आठ-आठ दिवस सगळं सुरळीत वाटतं.

यातली मला सगळ्यात त्रासाची वाटणारी गोष्ट अशी, की चेकडिस्कही त्याच मेमरीत बसून काम करतो. दप्तर तपासायला आलेल्या माणसाचाच चष्मा फुटका. त्याला चांगली नोंद वाईट दिसू शकते आणि ती तो ‘दुरुस्त’ करून ठेवतो. तुमच्या न उघडणाऱ्या दोन पेजमेकर फायलींपैकी एखादी या दुरुस्त्यांमध्येच गेली असण्याची दाट शक्यता आहे.

मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून तुम्ही रात्री मशीन त्यावरून सुरू केलंत. सकाळपर्यंत थांबायची गरजच पडली नाही. पहिल्याच फेरीत, चाळीस मिनिटांच्या आत, लाल ओळी आल्या. अकरा चुका. ‘अकरा म्हणजे फार नाहीत ना?’ असं तुम्ही विचारलंत. मेमरीत मान्य चुकांची संख्या शून्य असते. एकसुद्धा चालत नाही. मग रॅमची एकेक पट्टी वेगळी तपासली. जुनी पट्टी एकटी, चार फेऱ्या, शून्य. नवी पट्टी जुन्या पट्टीच्याच खाचेत एकटी घातली, पुन्हा चुका. म्हणजे खाच चांगली, पट्टी खराब. ही अदलाबदल करून बघितल्याशिवाय पट्टीला दोष देऊ नका. आमच्याकडे निम्म्या वेळा पट्टीच्या सोनेरी कडेवर नुसता थर असतो. मऊ खोडरबर हलक्या हातानं फिरवून, चुरा झटकून, परत बसवली की चुका थांबतात. तुमची पट्टी त्यानं थांबली नाही. ती दुकानदाराला परत करून बदलून घ्या, मेमटेस्टचा फोटो सोबत दाखवा.

आता मी केलेली चूक. जानेवारीत मी तुम्हाला सगळा डी ड्राइव्ह त्याच मशीनवरून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला लावला होता. ती कॉपीही त्याच खराब मेमरीतून गेली. त्यातल्या काही फायली मूळ चांगल्या असून कॉपीत बिघडलेल्या असू शकतात. म्हणून ती कॉपी टाकून न देता बाजूला ठेवा, आणि खराब पट्टी काढल्यावर दुसरी, ताजी कॉपी वेगळ्या डिस्कवर घ्या, हे मी सांगितलं. तुम्ही ते केलंत. सगळ्या वाचकांना सांगते, आजारी मशीनमधली डिस्क काढून दुसऱ्या, धडधाकट मशीनला जोडून कॉपी घेणं हे केव्हाही बरं.

त्यानंतरच, चांगल्या मेमरीवर, चेकडिस्क. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’नं उघडायचं. आधी नुसतं सीएचकेडीएसके, मोकळी जागा, डी, कोलन (विसर्गासारखं चिन्ह), सगळं इंग्रजीत. पुढे काही जोडलं नाही तर तो फक्त बघतो, काही बदलत नाही. मग तेच, आणि पुढे मोकळी जागा, तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश), एफ. तुमच्याकडे शेवटच्या काही नोंदी जुळवून तो थांबला. नंतर दोनदा चालवून बघितलं, काही सापडलं नाही. सुरुवातीच्या वेळी चाललेल्या तपासणीचा अहवाल इव्हेंट व्ह्यूअरमध्येच अ‍ॅप्लिकेशन या भागात विनइनिटच्या नावानं १००१ क्रमांकाखाली राहतो. तो वाचत जा. पडद्यावरची ओळ निघून जाते, ती लक्षात राहत नाही.

दिवाळीनंतर सेव्ह केलेली प्रत्येक फाइल एकदा उघडून बघा, हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. तुमच्या नऊ फायली उघडल्या नाहीत. त्यातल्या सहा प्रेसला पाठवलेल्या पीडीएफवरून आणि ग्राहकांच्या मोबाइलवरून परत मिळाल्या, हे ऐकून बरं वाटलं. फाउंडमधल्या सीएचके फायलींसाठी एक युक्ती. त्या नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ बघा. टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ अशी अक्षरं दिसली तर ती पीडीएफ, जेएफआयएफ दिसलं तर जेपीजी फोटो, पीके दिसलं तर वर्डची नवी फाइल किंवा झिप. नोटपॅडमध्ये काही सेव्ह न करता बंद करा, एक प्रत काढून तिच्या नावाचं सीएचके हे शेपूट बदलून त्या प्रकाराचं करा आणि उघडून बघा.

आता ज्यांचे आकडे तुमच्यासारखे स्वच्छ नाहीत त्यांच्यासाठी. सी ५ किंवा सी ६ शून्य नसेल, किंवा ०५ दर आठवड्याला वाढत असेल, तर कागदच फाटतोय. चेकडिस्क मारू नका, फॉरमॅट मारू नका. (विस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट डिस्कवर सगळीकडे शून्य लिहितो, त्यानंतर परत मिळवायला काही उरत नाही.) डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून चालवायचा. तो आधी सोपा, चांगला भाग भराभर उचलतो, अडलेल्या जागा नोंदवून पुढे जातो आणि सगळ्यात शेवटी त्यांच्याकडे परत येतो. मध्येच थांबवला तरी नोंदवहीमुळे तिथूनच पुढे चालतो. त्या कॉपीवर मग हवे ते प्रयोग करा. २००७ साली गुगलच्या तीन अभियंत्यांनी त्यांच्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला होता. स्कॅनमध्ये पहिली चूक दिसल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक न दिसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही ध्यानात ठेवा : बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांनी, तापमान सोडलं तर, कुठल्याच आकड्यातून आधी इशारा दिला नव्हता. म्हणजे स्मार्ट स्वच्छ आहे म्हणून कॉपी न ठेवणं चालणार नाही.

टक्-टक् आवाज येत असेल तर वीज काढा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या चांगल्या ठिकाणी न्या. उघडू नका. डिस्क फिरत असताना वाचणारं डोकं आणि तबकडी यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटर असतं, केसाची जाडी पन्नास हजार नॅनोमीटरच्या पुढे. धुळीचा कण त्यात डोंगराएवढा. फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय अजून लोक सांगतात. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि आमच्या कोकणातल्या हवेत तर हमखास.

दादा, तुमच्या कॅलेंडरवर फेब्रुवारीनंतर फुली नाही, असं परवा कळलं. नवी पट्टी बदलून आली की ती लावायच्या आधी रात्रभर मेमटेस्ट.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्स) दोन्ही टाकलंय. उबुंटूमधून विंडोजचा ड्राइव्ह कधी उघडतो, कधी फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. इंटरनेटवर बघून जबरदस्तीनं उघडला आणि ‘एनटीएफएसफिक्स’ चालवलं. आता विंडोज दर दोन दिवसांनी ड्राइव्ह दुरुस्त करत बसतं.

उत्तर : बाळा, तुझी डिस्क बहुतेक चांगली आहे. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, ‘शट डाउन’ केलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही. स्वतःची आतली अवस्था डिस्कवर लिहून झोपते, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. दप्तर उघडंच टाकून ती झोपलेली असते, तिच्या डोक्यात जुना नकाशा तसाच असतो. तू उबुंटूमधून त्या दप्तरात नवं लिहिलंस. विंडोज उठली आणि आपल्या जुन्या नकाशानुसार पुढे लिहायला लागली. उबुंटू लिहू देत नव्हतं ते तुझ्या भल्यासाठीच. ‘एनटीएफएसफिक्स’च्या नावावर जाऊ नकोस, ते जुजबी गोष्टी नीट करतं, रोजकीर्द पुसतं आणि पुढच्या वेळी विंडोजनं तपासावं अशी खूण करून ठेवतं. खरी दुरुस्ती विंडोजमधूनच.

कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, तिथली फास्ट स्टार्टअपची खूण काढ. मग रीस्टार्ट कर (रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होते), चेकडिस्क एफसह एकदा चालव. दोन्हीकडून लागणाऱ्या फायलींसाठी एक वेगळं, दोघांनाही वाचता-लिहिता येईल असं एक्सफॅटचं पार्टिशन ठेवलंस तर सगळ्यात उत्तम. आणि प्रोजेक्टचा कोड कॉलेजच्या सर्व्हरवर किंवा कुठेतरी बाहेर रोज टाकत जा.

प्रश्न : दापोलीजवळ आमचा महिलांचा बचत गट आहे. मुलीनं ऑनलाइन सातशे रुपयांत २ टीबीचा पेन ड्राइव्ह मागवून दिला. पहिल्या काही फायली उघडतात, नंतरच्या सगळ्या फोटोंची चूक येते. फॉरमॅट केला की पुन्हा तेच. हिशेबाचे कागदही त्यावर आहेत.

उत्तर : ताई, तो पेन ड्राइव्ह २ टीबीचा नाही. आत बहुधा आठ किंवा सोळा जीबीची चिप आहे आणि विंडोजला खोटा आकडा सांगायला ती शिकवलेली आहे. जागा संपली की पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं, किंवा आधीच्यावरच लिहिलं जातं. एचटूटेस्टडब्ल्यू या छोट्या प्रोग्रामनं पूर्ण भरून, परत वाचून खरी जागा कळते, पण तो चालवायच्या आधी उघडतात ते हिशेबाचे कागद आजच्या आज दुसरीकडे घ्या. नंतरचे फोटो त्यावर कधी गेलेच नाहीत, म्हणून ते मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. फोटो ज्या फोनमधून आले त्या फोनमध्ये बघा, बचत गटातल्या कोणाच्या तरी फोनवर सापडतील.